पडद्यावरचे धर्मसंकट

मे महिन्यातली नागपूरची दुपार. पारा ४५ अंशांच्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि घराघरांत कूलरची घरघर. मैदानावर असायला हवीत ती मुले सकाळी दहापासून सायंकाळपर्यंत चार भिंतींत अडकलेली. कुणाच्या हातात मोबाईल, कुणी कॉम्प्युटरसमोर. आणि दाराशी उभ्या आईचा ठरलेला प्रश्न : “अजून किती वेळ?”

समजा, नंदनवनातले असेच एक घर आहे. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. परीक्षा संपल्यापासून तो ‘द विचर ३’ नावाचा गेम खेळतो आहे. एका रात्री दोनच्या सुमारास आई पाणी प्यायला उठते, तर पोरगा अंथरुणावर टक्क जागा.

“काय झालं रे? बरं नाही वाटत का?”

“काही नाही गं आई. गेममध्ये एक गोष्ट चुकली माझी. माझ्यामुळे एक माणूस गेला.”

आईच्या पोटात धस्स होते. पडद्यावरच्या खोट्या माणसासाठी पोराची झोप उडाली! गेम डोक्यात गेला म्हणायचा का? डॉक्टरकडे न्यायला हवे का?

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी त्यातली काळजी खरी आहे. अशा गेमच्या चाहत्यांमध्ये पात्रांच्या बऱ्यावाईटाची चर्चा खऱ्याखुऱ्या माणसांच्या भांडणासारखी रंगते. बाहेरच्या माणसाला ती वेडेपणाची वाटते. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे अनपेक्षित आहे. तिच्या मुलाला जे वाईट वाटते आहे, ते आजाराचे लक्षण नाही. काळजी करायचीच असेल, तर ती दुसऱ्या काही गोष्टींची करायला हवी.

सगळे गेम ‘पबजी’ नसतात

आपल्याकडे घरोघरी कोणत्याही गेमला सरसकट ‘पबजी’ म्हणायची सवय पडली आहे. प्रत्यक्षात गेमचे प्रकार अनेक. मोबाईलवरच्या मारामारीच्या गेममध्ये शेवटपर्यंत टिकून राहणे एवढेच उद्दिष्ट असते. समोरचा कोण, त्याला का मारायचे, हा प्रश्नच तिथे येत नाही.

‘रोल-प्लेइंग’ म्हणजे भूमिका वठवण्याच्या गेमची जात वेगळी. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला, तिथून ही परंपरा सुरू झाली. खेळणारा एखाद्या योद्ध्याची, जादूगाराची किंवा चोराची भूमिका घेतो आणि एका काल्पनिक राज्यात वावरतो. तिथे राक्षस असतात, शापित जंगले असतात, भुकेलेली गावे असतात. वाटेत भेटणाऱ्या माणसांशी काय बोलायचे, कुणाला मदत करायची, कुणाला फसवायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. पुढची कथा त्या निवडीप्रमाणे बदलत जाते.

‘द विचर ३’ हा पोलंडमधल्या कंपनीने मे २०१५ मध्ये आणलेला गेम या प्रकारातला फार गाजलेला. आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर तो बेतला आहे. त्यात एका टेकडीच्या पोटात, झाडाच्या मुळांत कोंडलेला एक आत्मा नायकाला भेटतो. मला सोडव, मी त्या अनाथ मुलांना वाचवीन, असे तो म्हणतो. त्याला सोडले तर मुले वाचतात. पण एक गाव उद्ध्वस्त होते, एका सरदाराची बायको मरते आणि तो सरदारही जीव देतो. आत्म्याला मारले तर सरदार जगतो, त्याची बायकोही जिवंत राहते, पण तिचे मन ठिकाणावर राहत नाही. आणि ती अनाथ मुले जातात. निवड करताना यातले काहीच खेळणाऱ्याला ठाऊक नसते.

दोन्हीकडे नुकसान, आणि निर्णय तर घ्यायलाच हवा. मराठीत याला फार जुना शब्द आहे : धर्मसंकट.

धर्मराजाचा रथ आणि ज्ञानदेवांचा पट

ही कल्पना आपल्याला परकी नाही. महाभारतात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. द्रोणाचार्यांना थांबवण्यासाठी तो अश्वत्थाम्याच्या मृत्यूचे अर्धसत्य बोलला, आणि रथ जमिनीला टेकला. माणसाच्या वागण्याची नोंद ठेवून ती सगळ्यांना दिसेल अशी दाखवणारे हे यंत्रच होते. आजच्या अनेक गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात चांगुलपणाचा काटा असतो, तो याच जातीचा.

दुसरे उदाहरण सापशिडीचे. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. परंपरेने त्याचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. घरांना सद्‌गुणांची आणि दुर्गुणांची नावे. सद्‌गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. जैन आणि वैष्णव परंपरांतही असे पट सापडतात. हा खेळ पुढे इंग्लंडला गेला, आणि बाजारातल्या आजच्या छापील पटांवरून पाप-पुण्याची नावे जवळपास पुसली गेली. उरले नुसते साप आणि शिड्या.

मोक्षपटात मात्र एक मर्यादा होती. दयेच्या घरात पोचायचे की क्रोधाच्या, हे कवड्या ठरवत. खेळणाऱ्याच्या हातात काही नव्हते. कर्माचे फळ काय, हे पट दाखवी. कर्म निवडायची संधी देत नसे. ती संधी कॉम्प्युटरने दिली.

पालकांच्या पत्रांतून जन्मलेला गेम

या बदलाची सुरुवात पालकांच्या तक्रारींतून झाली, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. अमेरिकेत १९८०च्या दशकात रिचर्ड गॅरियट या तरुणाचे ‘अल्टिमा’ मालिकेतले गेम लोकप्रिय झाले होते. त्यांत नायक दुकाने लुटू शकत असे, गावकऱ्यांना मारू शकत असे, आणि तरीही शेवटी तोच वीर ठरत असे. आमच्या मुलांना तुम्ही हे काय शिकवता, अशी पत्रे पालकांकडून येऊ लागली. गॅरियट यांनी ती मनावर घेतली.

१९८५ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ४’ मध्ये शेवटी मारायला कुणी महाराक्षस ठेवलेला नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ गुणांत परिपूर्ण होणे, हेच गेमचे उद्दिष्ट. अशा परिपूर्ण माणसाला गॅरियट यांनी नाव दिले ‘अवतार’. हा शब्द आपण हिंदू परंपरेतून घेतल्याचे त्यांनी सांगितले आहे. आज मोबाईलवरच्या आपल्या चित्राला आपण सहज ‘अवतार’ म्हणतो. तो शब्द गेमच्या दुनियेत रुळण्यात या गेमचा मोठा वाटा आहे.

त्यात एक छोटी खुबी होती. जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई तुम्हाला सांगे, एवढे पैसे झाले, टेबलावर ठेवा. कमी ठेवले तरी ती काही बोलत नसे. फायदा झाल्यासारखे वाटे. पण गेम गुपचूप नोंद घेई, आणि कितीतरी तासांनंतर कळे की प्रामाणिकपणाच्या परीक्षेत आपण नापास झालो आहोत. पकडले न जाताही चूक ती चूकच, हा धडा शिकवायची ही पद्धत उपदेशापेक्षा अधिक लक्षात राहणारी होती.

मनात खरोखर काय घडते?

प्रश्न असा, की पडद्यावरचे पात्र म्हणजे रंगीत ठिपके, हे ठाऊक असताना मन का खाते? आणि खात असेल, तर त्याचा परिणाम चांगला की वाईट?

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे अँड्र्यू वीव्हर आणि निकी लुईस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७५ जणांना ‘फॉलआउट ३’ या निवडींच्या गेमचा पहिला भाग खेळायला दिला. बहुतेकांनी गेममधल्या पात्रांशी तसेच वागायचे ठरवले, जसे ते खऱ्या माणसांशी वागले असते. जे वाईट वागले, त्यांना अपराधी वाटले. गंमत म्हणजे त्यामुळे खेळण्याची मजा काही कमी झाली नाही. शोकांत नाटक पाहून रडलेला प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतो, तसेच हे.

‘मास इफेक्ट’ या गाजलेल्या मालिकेत सज्जन आणि उद्दाम असे दोन रस्ते होते. तिच्यावर काम केलेल्या जॉन एबेंगर यांनी २०२० मध्ये सांगितले की सुमारे ९२ टक्के खेळणाऱ्यांनी सज्जनपणाचाच रस्ता धरला. उद्दाम नायकाचे प्रसंग रचायला कंपनीने तेवढेच कष्ट घेतले होते. ते बहुतेकांनी पाहिलेच नाहीत. कुणी पाहत नाही, शिक्षा नाही, तरीही बहुतेक माणसे चांगलेच वागू पाहतात, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तिसरा अभ्यास ॲमस्टरडॅमचे टिलो हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१० चा. गेममध्ये विनाकारण हिंसा करावी लागली तेव्हा अपराधी भाव वाढला. आणि ज्यांच्या स्वभावातच इतरांविषयी कणव जास्त, त्यांच्यात तो अधिक दिसला. म्हणजे नंदनवनातल्या त्या मुलाची झोप उडाली असेल, तर त्याचे एक कारण त्याचे मन जिवंत आहे, हेही असू शकते.

चौथा अभ्यास याच्याही पुढे जातो. मॅथ्यू ग्रिझर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की गेममध्ये वाईट बाजूने खेळून ज्यांना अपराधी वाटले, ते नंतर इतरांना होणारी इजा आणि अन्याय या बाबतींत अधिक संवेदनशील झालेले आढळले.

येथे वैद्यकशास्त्र एक महत्त्वाचा भेद करते. ‘मी वाईट आहे’ असे वाटणे आणि ‘माझ्या हातून वाईट झाले’ असे वाटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या भावनेने माणूस तोंड लपवतो, स्वतःला कोसतो, प्रसंगी नैराश्याकडे झुकतो. दुसऱ्या भावनेने तो चूक दुरुस्त करायला निघतो. शरीरात वेदना जे काम करते, तेच मनात हा अपराधी भाव करतो. चटका बसला की हात मागे येतो. ज्याला चटका जाणवत नाही, त्याच्या जखमा चिघळतात. मधुमेहात बधिर झालेल्या पायांचे जे होते, तेच.

किशोरवयात हे अधिक महत्त्वाचे. मेंदूचा कपाळामागचा भाग, म्हणजे परिणामांचा विचार करणारा आणि आवेगाला लगाम घालणारा, पूर्ण परिपक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. भावना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी निगडित भाग मात्र त्याआधीच जोरात काम करू लागलेले असतात. या वयात निर्णयांचा सराव हवा आणि त्या सरावात झालेल्या चुका फार महाग पडू नयेत, अशी निसर्गाचीच गरज आहे. पूर्वी हा सराव गोष्टी, कीर्तने, नाटके आणि गल्लीतले खेळ यांतून होई. चांगला गेम त्यात भर घालू शकतो.

मग धोका कुठे आहे?

इथवर वाचून, गेम म्हणजे संस्कारवर्गच की, असे कुणाला वाटेल. तसे नाही. चार ठिकाणी सावध राहायला हवे.

पहिले, सवयीने येणारा बधिरपणा. ग्रिझर्ड यांच्याच चमूने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की तोच गेम पुन्हा पुन्हा खेळल्यावर त्यातून येणारा अपराधी भाव ओसरत जातो. पहिल्यांदा मनाला लागलेला प्रसंग नंतर नुसता एक डाव उरतो. म्हणूनच दहा तास खेळणे म्हणजे दोन तासांच्या पाचपट शिकणे नव्हे.

दुसरे, हिशेबी नीती. अनेक गेम चांगुलपणाला गुण देतात. २००४ च्या ‘फेबल’ मध्ये तर वाईट वागणाऱ्या नायकाला शिंगे फुटत आणि चांगल्याच्या डोक्यामागे तेजोवलय येई. दिसायला गमतीचे, पण यात मूल भिकाऱ्याला पैसे देते ते काटा वर सरकावा म्हणून. शिक्षा टाळण्यासाठी किंवा बक्षिसासाठी चांगले वागणे ही नैतिक वाढीची अगदी खालची पायरी, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी मांडले होते. ‘विचर’ मध्ये असा काटा नाही. म्हणूनच त्यातली निवड मनात रेंगाळते.

तिसरे, मागे जाण्याची सोय. बहुतेक गेममध्ये निर्णय चुकला की आधी जपून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा खेळता येते. आयुष्यात ती सोय नाही. परिणाम पुसून टाकायची सवय लागली, की निवडीचा अर्थच उरत नाही. उलट, पहिल्याच निर्णयाशी बांधील राहून पुढे खेळणाऱ्याला खंत पचवायला शिकावे लागते.

चौथे, ‘तो तर राक्षसच’ ही पळवाट. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की माणसे क्रूरपणा करताना स्वतःच्या विवेकाला काही ठरावीक युक्त्यांनी झोपवतात. समोरच्याला माणूस मानायचे नाही, ही त्यांतली एक. मला वरून हुकूम होता, ही दुसरी. शत्रूला निव्वळ लक्ष्य बनवणारे गेम ही युक्ती फुकटात हाती देतात. त्यापेक्षा ज्या गेममध्ये राक्षसालाही बाजू असते, ते बरे.

असा एक गेम आपल्या शेजारीच तयार झाला होता. भोपाळच्या पायरोडॅक्टिल या छोट्या कंपनीने २०१४ मध्ये ‘अनरेस्ट’ आणला. प्राचीन भारतासारख्या काल्पनिक जगातले, दुष्काळाने होरपळलेले एक नगर त्यात आहे. खेळणारा एकाच नायकाची नाही, तर वेगवेगळ्या माणसांची भूमिका घेतो. त्यांत मनाविरुद्ध लग्न ठरलेली शेतकऱ्याची मुलगी आहे आणि नागवंशाची राजदूतही. मारामारी फार कमी, बोलणे फार. एकाच दुष्काळाकडे उपाशी माणसाच्या डोळ्यांनी आणि राजवाड्यातून पाहायला लावणारा हा गेम तंत्राच्या झगमगाटात मागे पडला असेल. पण विदर्भाच्या वाचकाला त्यातले दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हिंसा, व्यसन आणि वय

गेम खेळून मुले हिंसक होतात का? यावर वर्षानुवर्षे वाद झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक गेम आणि मुलांचे आक्रमक वागणे यांचा संबंध त्यात आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले की अशा गेमचा ओरडणे, ढकलाढकली यांसारख्या आक्रमकपणाशी लहानसा संबंध दिसतो. पण प्रत्यक्ष हिंसेचे खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. कुठे गुन्हा घडला की ‘मुलगा गेम खेळायचा’ एवढे सांगून मोकळे होणे म्हणजे घरातला मार, दारू, शाळेतला छळ आणि नैराश्य या खऱ्या कारणांकडे पाठ फिरवणे आहे.

व्यसनाची गोष्ट वेगळी. ती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान दिले, हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातली लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा न राहणे. जेवण, झोप, अभ्यास, मित्र या सगळ्यांपेक्षा खेळ मोठा होणे. आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे. हे साधारण वर्षभर टिकले आणि त्याने आयुष्य विस्कळीत झाले, तर तो आजार. सुटीत चार दिवस जास्त खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. एका पात्रासाठी एका रात्री हळहळणारा तर नाहीच.

तरीही झोपेबाबत सवलत नको. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. रात्री दोनला जागे असण्यामागे गेममधला प्रश्न कितीही उदात्त असो, दुसऱ्या दिवशी मेंदूला त्याची किंमत मोजावी लागते. नीट निर्णय घेण्याची ताकदही अपुऱ्या झोपेने मंदावते.

वयाचा मुद्दाही डोळ्याआड करू नये. ‘विचर ३’ ला युरोपात १८ वर्षांवरील अशी श्रेणी आहे. त्यात रक्तपात आहे, लैंगिक दृश्ये आहेत. थोरल्या भावाच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या आठवीतल्या मुलासाठी तो नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली ३, ७, १२, १६, १८ अशी वयोमर्यादा दिलेली असते. औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहतो, तशी ती पाहायला हवी.

आणि पैसा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पण साध्या गेममध्येही पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघते ते नशिबावर सोडायचे, असे प्रकार असतात. पालकांचे कार्ड किंवा यूपीआय मुलाच्या मोबाईलला जोडलेले नसावे, हे उत्तम.

‘किती वेळ’ याच्यापुढचा प्रश्न

पालकांनी करायचे काय? सगळ्यात आधी, मूल कोणता गेम खेळते त्याचे नाव माहीत करून घ्यावे. अर्धा तास शेजारी बसून पाहावे. नाक मुरडायचे नाही आणि लगेच सल्लाही द्यायचा नाही.

मग चार प्रश्न विचारावेत. तू काय निवडलेस? का निवडलेस? कुणाचे नुकसान झाले? आणि खऱ्या आयुष्यात असेच करशील का? चौथ्या प्रश्नाशी बहुतेक मुले थबकतात. तिथूनच खरे बोलणे सुरू होते. कॉलेजातली रॅगिंग, मित्राने मागितलेली कॉपी, दुसऱ्याने केलेल्या चोरीवर धरलेले मौन, असे जे विषय जेवणाच्या ताटावर कधी येत नाहीत, ते गेमच्या आडोशाने येऊ शकतात. स्वतःबद्दल बोलायला लाजणारे मूल पात्राबद्दल मोकळे बोलते, हा मानसोपचारातला जुना अनुभव आहे. लहान मुलांशी बोलताना बाहुल्या आणि चित्रे वापरतात ती त्याचसाठी.

वेळेचे नियम मुलाशी बोलून ठरवावेत. रात्री झोपायच्या एक तास आधी पडदा बंद, जेवताना बंद, आणि उन्हाळ्यातही सूर्य उतरल्यावर तासभर घराबाहेर. हेच नियम मोठ्यांच्या मोबाईलला लागू केले, तर ते पाळले जाण्याची शक्यता वाढते.

मदत केव्हा घ्यावी? मूल खेळ थांबवताच हिंसक होत असेल, शाळा-कॉलेज सुटत असेल, मित्र तुटले असतील, चोरून पैसे खर्च होत असतील किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर उशीर करू नये. विशेषतः गेममधला अपराधी भाव ‘मीच वाईट’ या सुरावर येऊन दिवसेंदिवस टिकला, तर त्यामागे नैराश्य असू शकते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत आणि मिहानजवळच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला’ हा संकोच गेमपेक्षा जास्त नुकसान करतो.

आता पुन्हा नंदनवनातल्या त्या घराकडे. रात्रीचे दोन वाजले आहेत. कॉम्प्युटर बंद करून मुलाला झोपायला लावणे, हे आईचे पहिले काम. पण दुसऱ्या दिवशी, चहा घेताना, ती त्याला विचारू शकते : “कोण होता रे तो माणूस? आणि तू काय केलंस?”

मुलगा आधी थोडा बिचकेल. मग सांगू लागेल. मुले वाचवायची होती, म्हणून सोडवले त्या आत्म्याला. पुढे असे होईल, हे माहीत नव्हते. यावर आईकडे तयार उत्तर असायलाच हवे असे नाही. “कळलं असतं तर काय केलं असतंस?” एवढे विचारले तरी पुरे. घरातल्या एखाद्या जुन्या निर्णयाची, चांगल्या हेतूने घेतलेल्या आणि कुणाला तरी महाग पडलेल्या निर्णयाची आठवण तिलाही होईल. ती तिने त्याला सांगावी.